घाटावरची परात

मी घुग्घुसची. वडील कोळसा खाणीत कामाला, त्यामुळे आम्ही जातीचे मच्छीमार असलो तरी नदी मी जवळून पाहिली ती लग्नानंतरच. सासर पोंभुर्ण्याच्या बाजूला, वैनगंगेच्या काठावर. गाव एवढंसं, की या टोकाला भाजीला फोडणी दिली तर त्या टोकाला ठसका लागावा. मागे सागाचं जंगल, पुढे रेती, आणि त्या रेतीत उन्हाळ्यात डांगर-टरबुजाच्या वाड्या. पूल नव्हता तेव्हा इथे घाट होता. गडचिरोलीकडून बाजाराला येणारे लोक आमच्याच लोकांच्या डोंग्यांतून नदी पार करायचे. पूल झाला आणि घाट ओस पडला. उरली फक्त कहूच्या झाडाखालची शेंदूर लावलेली मातामाय.

तिच्या पूजेची एक रीत मला पहिल्यापासून गमतीची वाटायची. पावसाळा सरला की पहिलं जाळं टाकण्याआधी सगळे तिच्यापुढे जमतात आणि घरातली मोठी बाई थाळी बडवते. आरती नाही, गाणं नाही, नुसता ठणठणाट. "देवी काय बहिरी आहे?" असं मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं. तो हसला, सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "जुन्या लोकायची चाल हाये," एवढंच म्हणाल्या. मी हात जोडायची, पण ते सून म्हणून. मनात श्रद्धा अशी नव्हतीच.

ती सकाळ कार्तिकातली. परतीच्या पावसाने वरचं धरण भरलेलं होतं. नवरा अंधार फिटताच एकटा डोंगा घेऊन जाळी काढायला गेला, आणि मागून असं धुकं उतरलं की अंगणातली तुळस दिसेना. तेवढ्यात पोलीस पाटलांचा फोन आला, धरणाचं पाणी सोडलंय, कोणी नदीत असेल तर बोलावून घ्या. नवऱ्याचा फोन चुलीजवळ चार्जिंगला लावलेला. आमच्या घाटाच्या खाली नदीत खडक आहेत. पाणी चढलं की ते बुडतात, आणि धार डोंग्याला नेमकी तिकडेच ओढते. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या दारातूनच ओरडल्या, "मातामायपाशी जाय वो, तिथीच थांब." मला त्यांचा रागच आला. माणूस पाण्यात आहे आणि ह्यांना देव सुचतोय.

मी नदीवर धावले. वडाखालून हाक मारली, मग वाडीकडून, मग रेतीच्या टोकावरून. एकदा त्याची ओ आली, अगदी जवळून. पुन्हा हाक मारली तर ओ लांब गेलेली. पाणी माझ्या डोळ्यांदेखत रेतीवर चढत होतं. घसा फुटला, आवाज निघेना. धडपडत कहूच्या झाडाशी आले आणि दगडापुढे बसून रडायला लागले. मागायलाही काही सुचलं नाही. "माय, आता तूच बोलाव त्याले," एवढंच म्हणाले.

मागून मोटरसायकलचा आवाज आला. धुक्यातून एक वयस्कर भांडेवाले बाहेर आले, गाडीवर दोन्हीकडे भांडी लटकलेली, डोक्याला गोल टोपी. गडचिरोलीहून पोंभुर्ण्याच्या बाजाराला निघाले होते. आमच्या घाटाकडे वळायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

"बाई, रस्ता चुकला वाटते माझा," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे पाहून गाडी लावली. "काऊन रडून राह्यल्या?"

त्यांच्या भांड्यांकडे पाहिलं आणि मला ती थाळी आठवली.

"भाऊ, मोठी परात द्या. माझा माणूस पाण्यात हाये."

त्यांनी लगेच दोर सोडून सगळ्यात मोठी पितळी परात काढली, वर बडवायला उलथण्यासारखा लोखंडी सराटा दिला. मी मातामायपुढे उभी राहून परात बडवू लागले. माझे हात थकले की ते बडवायचे, तोंडाने "या अल्ला, या अल्ला" चाललेलं. मी मायचं नाव घेत होते. परातीला पोचे पडत गेले. जागा मात्र आम्ही सोडली नाही.

डोंग्याचं नाक धुक्यातून निघालं ते सरळ कहूच्या झाडाकडे. नवरा उतरला आणि चिखलातच बसला. म्हणाला, "तू कधी वडाकडून आवाज दे, कधी वाडीकडून. मले वाटे, काठच फिरून राह्यला. मंग मायची थाली वाजली. लहानपणापासून ऐकतो तो आवाज. मंग कुठी इकडेतिकडे पाह्यलं नाई."

भांडेवाल्यांनी ती परात परत नेली नाही. "हे आता विकाची वस्तू नाई बाई," म्हणाले, चहा प्याले आणि निघाले. धुकं तोवर विरळ झालं होतं, आणि पोंभुर्ण्याचा फाटा आमच्या गावातूनही स्पष्ट दिसत होता.

ते रस्ता का चुकले, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मला एवढं कळलं, की मी धावत होते तोवर माझी प्रत्येक हाक त्याला भरकटवत होती. ज्या जागेला मी हसले होते, तिथे थकून थांबले तेव्हा तो घरी आला. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटायचं. त्या सकाळी मी हात टेकले नाहीत, फक्त पाय एका जागी ठेवले.

ती परात आता मातामायपाशीच असते. पूजेला सासूबाईंनी ती माझ्या हातात दिली. धुकं पडलं की मी सराटा घेऊन घाटावर जाते, नवरा घरात चहा पीत बसलेला असला तरी जाते. नदीत कोणाचा ना कोणाचा माणूस असतोच.