पेन्सिलीने लिहिलेली नावं

ती खोकी मीच फेकली, आणि दोष मात्र सहा महिने बुरशीला दिला.

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात आमच्या खालच्या मजल्यावर एक चिनी अंकल राहत. तरुणपणी त्यांनी तिथेच रॉक अँड रोलच्या रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी चालवली होती. घरात उरलेल्या टेप त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवायला माझ्याकडे दिल्या, कारण मी आयटीवाला. "ज्याचं गाणं त्याच्या घरी पोचवायचंय," ते म्हणाले आणि सवयीचं सिंगापुरी 'लाह' जोडलं, "निम्मे गाणारे तर गेलेच, लाह."

टेपची पुठ्ठ्याची खोकी बुरशीने काळवंडली होती. मी टेप प्लास्टिकच्या डब्यांत घातल्या, त्यांवर नंबर टाकले आणि खोकी कचऱ्यात दिली. अंकलनी ती मागितली तेव्हा कळलं, की गाणाऱ्यांची नावं झाकणांच्या आत लिहिलेली होती. बाहेर लिहिली तर दुसऱ्या कंपन्या गायक पळवायच्या.

"बुरशीने खाल्ली सगळी," मी म्हणालो.

मग ते रोज गाणी ऐकत आवाज ओळखू लागले. "थांब, हा कोण? ह्याच्या लग्नात जेवलोय मी!" म्हणायचे, पण नाव आठवायचं नाही. जेमतेम सहा नावं जमली. पुढे त्यांना माणसंही ओळखू येईनाशी झाली.

नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये एका दुपारी त्यांनी मला ओळखलं. मी त्यांचा हात धरला.

"अंकल, बुरशीने काही खाल्लं नव्हतं. पेन्सिलीची चिनी अक्षरं मला स्वच्छ दिसली होती. मला वाचता येत नाहीत, म्हणून ती कामाची नाहीत असं मी ठरवलं. मला माफ करा."