श्रावणातल्या कॅप्सुला

राजशेखरअण्णा चोरून पितो, ही बातमी गल्लीत दूधवाल्याच्याही आधी पोचली. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नावर वासना नाही. लिव्हरनं मान टाकली म्हणजे आणखी काय असणार? बातमी खोटी होती. गळ्यात इष्टलिंग बांधलेला हा लिंगायत माणूस सोड्याची बाटलीसुद्धा संशयानं उघडायचा. अण्णा पीत नव्हता, गिळत होता. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सुला.

निवृत्तीनंतर पोट पुढं आणि अण्णा मागं, असं चाललं होतं. पुण्याच्या भाच्यानं डबी पाठवली. चहाच्या पानातलं ईजीसीजी चरबी जाळतं, हे अण्णा कट्ट्यावर अशा थाटात सांगायचा, की ईजीसीजी म्हणजे जणू त्याच्या सासरवाडीचं आडनाव. डबीवर ‘जेवणानंतर एक’ असंही छापलं होतं, पण बारीक अक्षरात. आणि अण्णाचा चष्मा फायदे वाचून झाले की उतरायचा.

त्यात श्रावण लागला. महिनाभर एकवेळचा उपास, दिवसा नुसता चहा. कॅप्सूल चहाचीच, म्हणजे उपासाला चालणारच. आणि चहा चारदा चालतो, तर कॅप्सूल का नको?

“अवो, कपानं प्या की,” बायको नागम्मा म्हणायची.

कपात साखर असते, असं तिला समजावून अण्णा संध्याकाळी तुपातल्या पुरणपोळ्यांवर उपास सोडायचा. पोट होतं तिथंच राहिलं. डोळे मात्र पिवळे झाले, आणि नागम्मानं त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनीही आधी दारूचंच विचारलं. अण्णानं लिंगाला हात लावून शपथ घेतली, तरी त्यांचा चेहरा हलेना. तेव्हा नागम्मानं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं, कपातला ग्रीन टी बहुतेकांना बाधत नाही. पण त्याचाच अर्क काढून, रिकाम्या पोटी, इतका घेतला की एखाद्याच्या लिव्हरला झेपत नाही. वजनाला फायदा होतो तो जेमतेम. गोळ्या आजच बंद. लिव्हर सावरतंय का, ते पुढच्या तपासणीत कळेल.

तोवर अण्णा सकाळ-संध्याकाळ आरशात डोळे बघत बसला. गल्लीनं माया म्हणून लिव्हर साफ करायच्या पावडरी आणल्या. नागम्मानं त्या उंबऱ्यावरूनच परत पाठवल्या.

अखेर रिपोर्ट सुधारला. अण्णा टपरीवर आला, दुधाचा चहा घेतला. शेजारच्या धनाजीनं सगळ्यांदेखत विचारलंच, की आता तरी खरं सांगा, कुटली घेत व्हता?

अण्णा घोट गिळून म्हणाला, “घेतली असती तर बरं झालं असतं की, धनाजी. लिव्हर एवढंच बिघडलं असतं, नाव एवढंच खराब झालं असतं, पण चव तरी कळली असती.”