लाल खूण

माझ्या आईच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही. त्याचं कारण सांगायची तिला कधी लाज वाटली नाही. लाज बाकी सगळ्यांना होती.

तिच्या तरुणपणी पाळीला जुन्या साडीच्या घड्या असत. पहाटे धुवायच्या, परकराखाली लपवून वाळत घालायच्या, विरल्या की परसात खड्डा करून पुरायच्या. मग पॅड आले आणि परसं गेली. बायका वर्तमानपत्राच्या तीन पदरी पुड्या बांधू लागल्या.

आई एका सात मजली इमारतीचा कचरा वेगळा करायची. कागद दिसला की सुक्यात. पण पुड्या इतक्या नेटक्या, की आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. दिवसाला दहा-पंधरा उघडायची. एकदा एकीत कुणीतरी वापरलेलं ब्लेडही कोंबलं होतं. हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरांनी अंगठ्याचं पेर कापलं, तेव्हा कुठे हात वाचला.

पट्टी बांधलेल्या हातानंच ती इमारतीच्या चेअरमनबाईंकडे गेली.

"बाई, पुडीवर पेनानं एक लाल खूण करा फक्त. मी उघडणारच नाही."

"अहो मावशी, लाल? जिन्यात कुणी पाहिलं तर?"

"माझा अंगठा पाहताय ना?"

बाईंनी हातमोज्यांची एक जोडी दिली. ती आठ दिवसांत फाटली. मग आई दारोदार फिरली. अठ्ठावीसपैकी तीन घरांनी खूण करायला सुरुवात केली. उरलेल्या पंचवीस घरांची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं. शिकलेल्या बाया, आणि साधा एक ठिपका जड झाला!

माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी आई आमच्याकडे राहायला आली. न्हाणीघर आवरताना तिच्या हाती माझी पुडी लागली. चांगली चार पदरी.

"खूण कुठाय गं?"

"अगं आई, डबा सासरे बाहेर ठेवतात. बरं दिसत नाही."

तिनं पिशवीतून लाल पेन काढलं. त्या अंगठ्यानं टोपण निघेना, तरी मला हात लावू दिला नाही. पुडीवर ठिपका काढला आणि ती डब्यात टाकली.

"तुमच्याकडे कचरा न्यायला कोण येतं? नाव काय तिचं?"

ती बाई रोज सकाळी आमच्या दारातून डबा नेत होती. मला तिचं नाव माहीत नव्हतं.