गरम पडणाऱ्या गोळ्या

माझ्या आत्याच्या लेखी जगात दोनच प्रकार होते, गरम आणि थंड. वांगं गरम, मूग थंड. तिची सासू गरम, माझे वडील थंड. मी फारसं बोलत नाही, म्हणून माझ्याकडे बघून म्हणायची, "ही तर निस्ती बर्फाची लादी हाय. इंग्रजी शाळेत काय फ्रिजात ठेवत होते का गं तुला?"

किडन्या गेल्यावर ती मुदखेडहून नांदेडला डायलिसिसला यायची. सोबत मी असायची. तिच्या मानेत नळी बसवलेली, तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला काय खावं, काय खाऊ नये हे सांगणं चालूच. सिस्टर ओरडली की म्हणायची, "तुमी मशीन सांभाळा, मी मानसं सांभाळते."

एकदा मशीनवर असतानाच तिला हुडहुडी भरली. नळीतून जंतू रक्तात गेले होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पुढे घरी घ्यायला गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि आत्यानं गोळ्या बंद केल्या. मी विचारलं तर वैतागली.

"लई गरम पडायल्यात गं. तोंड आलंय. तू घेतलीस तर वर तांब्याभर पानी पिशील. मला ह्या किडनीपायी घोटभर प्यायची चोरी. मंग ही आग इझवू कशानं?"

तिच्या बाजूनं पाहिलं तर यात चूक कुठे होती? पुढच्या डायलिसिसला हे कळल्यावर डॉक्टरांनी "अडाणीपणा करू नका" म्हणून तिला सगळ्यांदेखत झापलं. गोळ्या का सोडल्या, हे विचारलं नाही. समजावून सांगितलं असतं तर तिनं घेतल्या असत्या. ती हट्टी होती, मूर्ख नव्हती.

तो शब्द तिला लागला. त्यानंतर ताप आला की ती नांदेडला सांगायचीच नाही, मुदखेडच्या दवाखान्यात जायची. तिथले डॉक्टर "या मावशी" म्हणायचे आणि रक्त न तपासता दर वेळी आणखी भारी अँटिबायोटिक टोचायचे. ताप उतरला की उपचार संपला. "ह्येंचं इंजक्शन कसं थंडगार उतरतंय," ती कौतुकानं सांगायची.

शेवटी तिला अर्धवट शुद्धीत नांदेडला आणलं. रक्त तपासल्यावर कळलं, तिच्या अंगातल्या जंतूंवर आता नेहमीचं एकही औषध चालत नव्हतं. मानेतली नळी काढली. उरलेलं एक औषध देऊन पाहिलं. तेही लागू पडलं नाही.

दहाव्यानंतर मुदखेडचे डॉक्टर भेटायला आले. "किडनीच्या पेशंटचं असंच असतंय," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

"किडनीनं नाही गेली," मी म्हणाले. "डायलिसिसवर ती जगत होती. तापानं गेली. बऱ्या होणाऱ्या तापानं. तुम्ही एकदा तरी तिचं रक्त तपासलं होतं का?"

आत्याचे यजमान, आमचे मामा, माझ्यावर खेकसले, "पाव्हण्यासंगं असं बोलत असतेत का? जा आत."

मी दारातच उभी राहिले. चहा आला. डॉक्टरांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला. ते उठताना मामा म्हणाले, "कालपासून जरा कणकण वाटायलीय, सायेब." डॉक्टरांनी बॅग उघडली आणि मामांनी सदऱ्याची बाही वर केली.