हाकेला येणारा कुत्रा

हेस्टर रेल्फ एकदा खोटं बोलली असती, तर सगळं निभावून गेलं असतं. पण कंबरलंडच्या आमच्या डोंगरात हट्टी माणसांना तोटा नाही आणि हेस्टर त्या सगळ्यांची आजी शोभेल अशी. एकतीस वर्षं मी तिच्या दारात टपाल टाकलं, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगतो.

आमच्याकडे कोल्ह्याची शिकार म्हणजे घोडे आणि लाल डगले नव्हेत. त्या दगडगोट्यांच्या उतारावर घोडा चढणार कुठून? माणसं काठी टेकत पायी जातात आणि दुपारी खिशातलं पाव-चीज खातात. शिकारी टोळीतली कुत्री हिवाळाभर शिकारीला असतात, उन्हाळ्यात एकेका शेतकऱ्याच्या घरी. हेस्टरकडे चाळीस वर्षं अशी दोन-दोन कुत्री आली. पिल्लू असल्यापासून ती त्यांना एकच गोष्ट शिकवायची, हाक मारली की यायचं. पुढ्यात ससा असो की हाडूक, यायचं. चांगलं कुत्रं वाढवणाऱ्याला दरवर्षी चांदीचा चमचा बक्षीस मिळे. तिच्या खणात असे अकरा होते. चहा मात्र ती साध्या चमच्यानेच ढवळायची.

लंडनमध्ये कुत्र्यांकरवी कोल्हे मारण्यावर बंदीच्या कायद्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा ती उभ्या जन्मात पहिल्यांदा लंडनला गेली, बसने, मोर्चाला. 'आमची कोकरं तुम्ही राखणार का?' अशी पाटी तिने स्वतः रंगवली होती. रस्त्याकडेच्या एका पोरीने तिला खुनी म्हटलं. मोर्चातल्याच एका जमीनदाराने, पाटी जरा खाली धरा, मागच्यांना दिसत नाही, असं सुनावलं. परत आल्यावर ती म्हणाली की दोघांनाही मी काही दिसले नाही.

कायदा झालाच. आमची टोळी वास लावलेल्या चिंधीमागे धावण्याचं नाटक करू लागली आणि निम्मी कुत्री वाटून टाकावी लागली. त्यातला रॅटलर हेस्टरकडे कायमचा राहिला. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, घरात ती आणि तो. कोल्हे बंदुकीने मारा, असा सल्ला तिला पुष्कळांनी दिला. तिचं एकच उत्तर असे. "गोळीने कोल्हा अर्धा मरतो आणि कपारीत जाऊन चार दिवस कुजत पडतो. कुत्रं मारतं तेव्हा मारतं."

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, सकाळी एक कोल्हा गडग्यावरून उडी मारून आत आला आणि तासाभराचं कोकरू तोंडात धरून निघाला. रॅटलर मागे लागला. हेस्टर दारात उभी होती. वरच्या पायवाटेवरून फिरायला आलेलं एक जोडपं हे सगळं मोबाइलमध्ये टिपत होतं. ओढ्यापाशी रॅटलरने कोल्ह्याला गाठून मारलं. कोकरू आधीच मेलं होतं, पण ते त्या चित्रणात आलं नाही.

खटला उभा राहिला. तिचा वकील भला होता. कुत्रा आपणहून धावला तर गुन्हा नाही, माणसाने धावू दिला तर गुन्हा, असं त्याने तिला तीनदा समजावलं. हाक मारली पण आला नाही, एवढंच तिने म्हणायचं होतं. मग दंडही नाही आणि कुत्राही जाणार नाही. कोर्टाच्या बाकावर मीही तिला विनवलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मी त्याला वाया घालवला, असं शपथेवर सांगू?"

आत तिला विचारलं, तुम्ही कुत्र्याला परत बोलावलंत का?

"नाही."

का नाही?

"बोलावलं असतं तर आला असता. आणि मला तो कोल्हा मेलेला हवा होता."

वकिलाने डोक्याला हात लावला. दंड झाला आणि कुत्रा काढून घेण्याचा हुकूम झाला. दोन माणसं पिंजऱ्याची गाडी घेऊन आली, तेव्हा टपाल घेऊन मीही अंगणात होतो. त्यांना रॅटलर काही धरता येईना. अर्धा तास ती दोघं चिखलात पडत-उठत होती. शेवटी हेस्टरने हाक मारली. तो आला. तिने स्वतःच्या हाताने त्याला पिंजऱ्यात बसवलं. कायदे करणाऱ्यांना मी त्या दिवशी दिलेल्या शिव्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

सहा महिन्यांनी शहरातून, रॅटलर आता जिच्याकडे होता त्या बाईचं पत्र आलं. हेस्टरला अक्षरं दिसेनाशी झाली होती, म्हणून मीच वाचलं. बाई प्रेमळ होती. कुत्र्याचं नाव तिने बिस्किट ठेवलं होतं. बिस्किट गोड आहे, पण हाका मारमारून घसा बसला तरी ढुंकून बघत नाही, म्हणून बागेत पट्टा सोडता येत नाही. तुमच्याकडेही असाच होता का?

हेस्टर म्हणाली, "लिही. त्याचं नाव रॅटलर. शेवट लांबवून हाक मारा, असेल तिथून येईल."

मी लिहिलं, पत्ता घातला, तिकीट चिकटवलं. तिने पाकीट हातात घेऊन चाचपलं आणि चमच्यांच्या खणात टाकलं.

"नको पाठवायला. मग तो त्यांच्याकडे जाईल."

मला तिचा राग आला. "जन्मभर पट्ट्याला बांधलेला राहील तो, हेस्टर."

"राहू दे," ती म्हणाली आणि तिने खण लावून घेतला.