साळूबाईंचा कौल

आमच्या नाशिक जिल्ह्यात किल्ल्यांना तोटा नाही. काहींचे बुरुज अजून टिकलेत, काहींच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, आणि काही आम्हीच खाल्ले. सिन्नरच्या पलीकडचा बोरदऱ्याचा किल्ला या शेवटच्या पंगतीतला. त्याचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं, पण सांगायचं आहे ते साळूबाईंबद्दल.

साळूबाई म्हणजे त्या गडावरच्या देवीच्या पुजारीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून म्हातारपणापर्यंत रोज तो चढ. वर ना दरवाजा उरलेला, ना तट. पाण्याचं एक टाकं आणि शेंदूर फासलेला नारळाएवढा बिनघडीव दगड, म्हणजे तांदळा, तीच देवी. शेजारच्या डोंगरातली खडीची खाण सरकत सरकत गडाला भिडली, तेव्हा खाणवाल्याने देवीला गावात संगमरवरी देऊळ बांधून द्यायचं कबूल केलं. देवी खाली आली की गड फोडायला मोकळा. गाव लगेच विरघळलं. साळूबाई एकट्या अडून बसल्या.

"तिला इचारा. ती हो म्हनली तर मीच आनते खाली."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. तांदळ्याच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

कौलाच्या दिवशी खाण बंद ठेवायचा शब्द खाणवाल्याने दिला होता. किल्ले पाहत हिंडणारा मीही वर हजर होतो. साळूबाईंनी फुलं लावून डोळे मिटले. डावं फूल सुटत आलं होतं, मी पाहिलं. तेवढ्यात खाली सुरुंग उडाला. जमीन हादरली आणि उजवं फूल टपकन पडलं.

"दिला कौल!" सरपंच ओरडले.

"आरं, ह्यो कौल नाय, सुरुंग हाय! पुन्ना लावू द्या मला."

"एका गोष्टीसाठी देवीला दोनदा इचारू नाय, हे तुम्हीच शिकवलं ना, आत्या?" सरपंचांनी अडवलं.

मी भांडलो, तर गावच्या देवात पाहुण्याने पडू नये म्हणून मला बाजूला केलं. शेवटी साळूबाईंनी तांदळा पदरात घेतला आणि त्या रडत रडत गड उतरल्या.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. गडाच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा आहे. नव्या देवळात एक जोडपं मुलीच्या लग्नासाठी कौल लावून घ्यायला आलं होतं. साळूबाईंनी फुलं त्यांच्याच हातात परत दिली.

"तिला नका इचारू आता," त्या म्हणाल्या. "ती लय भ्याली हाय. कशालाबी हो म्हनंल."