नावाचा सण

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आमच्या वसईकडच्या गावात या महिन्यात रोज संध्याकाळी लोक क्रुसापाशी जमून मरियामातेची प्रार्थना करतात. परवा मीही गेले. प्रार्थना संपल्यावर शेजारची फिलूमावशी सगळ्यांना गरम फुगे, मैद्याचे तळलेले गोल गोळे, वाटत होती. त्या दिवशी संत फ्रान्सिसचा सण होता आणि तिच्या मुलाचं नाव फ्रान्सिस. तो जहाजावर नोकरीला आहे.

"फोन आला का गं त्याचा?" मी विचारलं.

"भर समुद्रात कुठला फोन? पण त्याचे संत आले ना. ते दरवर्षी येतात."

महिनाभर असेच एकेक संत येतात. तेरेजा येते, फ्रान्सिस येतात, लूक येतात, आणि त्यांची नावं लावणारी माणसं मात्र कुठे कुठे पांगलेली असतात. माझ्या नावाचा सण आई करायची. ती गेल्यापासून तो दिवस शहरात, ऑफिसात जातो. मी कुणाला सांगतही नाही.

मावशीने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुझी संत लुसी डिसेंबरात ना? माझ्याकडे जेवायला ये. आई नाही म्हणून तुझा दिवस चुकवायचा नाही."

"येईन," मी म्हटलं. आणि तिच्या हातातलं फुग्यांचं ताट घेऊन पुढच्यांना वाटायला लागले.